गोळी थांबवायची कधी? पुण्यातील मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापकांना खुले पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

मी कोथरूडमध्ये औषधांचं दुकान चालवते. बी.फार्म. झाल्यापासून काउंटरवरच उभी आहे. बी.जे.मधले, भारती विद्यापीठातले, पिंपरीचे, नऱ्ह्याचे, तुमच्यापैकी अनेकांच्या हातच्या चिठ्ठ्या मी रोज वाचते. तुम्ही शिकवून बाहेर पाठवलेले तरुण डॉक्टर आता आमच्या भागात दवाखाने चालवतात, त्यांच्याही चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. तुम्ही वर्गात जे सांगता ते चार-पाच वर्षांनी माझ्या काउंटरवर पोचतं, म्हणून हे पत्र मी थेट तुम्हालाच लिहिते आहे.

मागणी एकच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना आपण मनोविकाराची जी औषधं देतो, ती कधी कमी करायची आणि कधी थांबवायची, याचं संशोधन पुण्यात, पुण्याच्या रुग्णांवर, तुमच्या हातून व्हावं. कुठलीही औषध कंपनी हे करणार नाही. गोळी थांबवण्याच्या अभ्यासाला पैसे देऊन तिला मिळणार काय? हे काम कुणा प्राध्यापकानंच हाती घ्यावं लागतं.

माझ्याकडे येणारी एक नेहमीची चिठ्ठी सांगते. आजोबा ऐंशीच्या पुढचे. विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल. संध्याकाळ झाली की 'मला माझ्या घरी सोडा' म्हणून दाराची कडी काढायला धावतात, सांभाळायला ब्युरोतून आलेल्या माणसावर हात उगारतात, म्हणून रात्री रिस्पेरिडोन, म्हणजे भास-संशय-आक्रमकता आवरणाऱ्या 'अँटिसायकोटिक' गटातलं औषध. रिस्पेरिडोननं हात थरथरायला लागले, चाल आखडली, म्हणून सकाळी ट्रायहेक्सीफेनिडिल. डोनेपेझिलनं लघवीवरचा ताबा सुटला, तर ते प्रोस्टेटचं असेल असं समजून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी आवरणारी गोळी दिली. झोप नाही म्हणून क्लोनाझेपाम. आता यातलं डोनेपेझिल मेंदूतलं अॅसिटिलकोलीन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, टिकवून धरतं. ट्रायहेक्सीफेनिडिल आणि लघवीची गोळी त्याच अॅसिटिलकोलीनचं काम अडवतात. एकाच माणसाच्या पोटात एक औषध दोर पुढे ओढतं आणि दोन औषधं मागे. आजोबांचा गोंधळ वाढतो, पोट साफ होत नाही, तोल जातो. गोंधळ वाढला म्हणून रिस्पेरिडोनही वाढतं.

यातली प्रत्येक गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे त्या दिवशी कारण होतं, आणि ते खरं होतं. चिठ्ठीवर पुढे लिहिलेलं असतं 'सीएसटी', आहे तेच चालू ठेवा. मुलगा न्यू जर्सीहून त्याच चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, घडी पडून पडून मधल्या ओळी पुसट झालेल्या असतात. मी विचारते, डॉक्टरांना परत कधी दाखवलंत? सूनबाई म्हणतात, 'मॅडम, त्यांना रिक्षात बसवून नेणं म्हणजे दोन माणसं लागतात. आणि बंद केली नि पुन्हा रात्रभर ओरडायला लागले तर? शेजारी काय म्हणतील?' त्या बाईला मी काय उत्तर देणार? ती रात्र तिनं काढलेली असते, मी काढलेली नसते. उत्तर द्यायला माझ्याकडे पुरावा हवा आणि तो इथल्या माणसांचा हवा.

धोका काय आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी घरच्यांसाठी लिहिते, कारण हे पत्र तेही वाचतील. २००५ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांवर झालेल्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा या औषधांवरच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या तुलनेत १.६ ते १.७ पट निघाला होता. २००८मध्ये हाच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लावला गेला. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की द्यायचंच झालं तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी काळ, आणि दर ६ आठवड्यांनी पुन्हा विचार. माझ्या काउंटरवर सहा आठवडे हा हिशेबच कुणी करत नाही.

तुमच्याच पेशातल्या दोन माणसांच्या कामाबद्दल इथे लिहायचं आहे. या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात मला सर्वांत जास्त आदर त्यांच्याबद्दल वाटला.

पहिले सुबे बॅनर्जी. लंडनमध्ये वृद्धांच्या मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांनी २००९मध्ये ब्रिटिश सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यांचा अंदाज होता की तिथे स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना वर्षभरात अँटिसायकोटिक दिलं जातं, त्यातल्या सुमारे ३६ हजारांना थोडाफार उपयोग होतो, आणि दर वर्षी सुमारे १८०० जास्तीचे मृत्यू होतात. आपल्याच व्यवसायाची सवय अशी आकड्यांत मांडायला धैर्य लागतं. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत तिथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ही औषधं देण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

ते अहवालावर थांबले नाहीत. स्मृतिभ्रंशात नैराश्य आलं की आपण सर्ट्रालिन किंवा मिर्टाझापिन लिहितो. बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२६ रुग्णांवर हे तपासलं आणि २०११मध्ये छापलं की १३ आठवड्यांनंतर दोन्ही औषधं नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, उलट दुष्परिणाम औषधांच्या गटांत जास्त होते. मग अस्वस्थता, चिडचिड यांवर मिर्टाझापिनचा उपयोग होतो का, हे त्यांनी आणखी २०४ रुग्णांवर पाहिलं. २०२१मध्ये उत्तर आलं, होत नाही. एका प्राध्यापकाची कितीतरी वर्षं अशा 'नाही'मध्ये गेली, आणि त्या प्रत्येक 'नाही'मुळे कुणा म्हाताऱ्या माणसाच्या पोटात एक गोळी कमी गेली. नवा रेणू शोधणाऱ्याचं नाव होतं. मला विचाराल तर मी हे काम त्याच्याच तोडीचं मानते.

दुसरे रॉबर्ट हॉवर्ड, तेही लंडनचेच. त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या ग्राहकांच्या तोंडी रोज असतो: आजार पुढे गेला, आता माणसंही ओळखत नाहीत, मग डोनेपेझिल चालू ठेवून काय उपयोग? २०१२मध्ये छापलेल्या त्यांच्या चाचणीत मध्यम ते तीव्र अवस्थेतले २९५ रुग्ण होते. काहींची गोळी चालू ठेवली, काहींची बंद केली. वर्षभरानंतर चालू ठेवलेल्यांची स्थिती थोडी का होईना बरी होती. पुढच्या विश्लेषणात दिसलं की ज्यांची बंद केली, त्यांना पहिल्या वर्षात नर्सिंग होममध्ये ठेवावं लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. 'थांबवा' या बाजूनं मी मन बनवून बसलेली नाही, ते या चाचणीमुळेच. माझ्याकडे असे मुलगे येतात, जे 'काही फरक पडत नाही' म्हणून डोनेपेझिल आपल्या मनानंच बंद करतात आणि रिस्पेरिडोन मात्र न चुकता नेतात. पुरावा याच्या नेमका उलट बाजूला आहे. हे त्यांना डॉक्टरांनी सांगायला हवं, मी सांगून ते ऐकत नाहीत.

हॉवर्ड यांनी मिनोसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक अल्झायमरला आवर घालतं का, हेही ५४४ रुग्णांवर दोन वर्षं पाहिलं. उत्तर नकारार्थी आलं, तेही त्यांनी छापलं. आणि साठीनंतर पहिल्यांदा भास-संशयाचा आजार सुरू होणाऱ्या वृद्धांना अमिसल्प्राइडची अगदी लहान मात्रा, दिवसाला १०० मिलिग्रॅम, उपयोगी पडते हे त्यांच्या २०१८च्या चाचणीत दिसलं. तरुण रुग्णाला याच्या कितीतरी पट मात्रा लागते. म्हाताऱ्यांसाठी वेगळं मोजावं लागतं, ते कुणीतरी बसून मोजलं.

आता आपल्याकडे येते. साठीच्या वरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. एवढे रुग्ण असताना मी ज्यांची नावं घेतली त्या सगळ्या चाचण्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या माणसांवर झालेल्या आहेत. आमच्या आजी बेचाळीस किलोच्या असतात, वीस-पंचवीस वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेत असतात, घरात सून किंवा ब्युरोची मावशी सांभाळते, नर्सिंग होम हा प्रकार मोजक्यांनाच परवडतो. इंग्लंडमधली मात्रा त्यांना लागू पडते का? मावशी रोज बदलत असेल तर गोळी थांबवल्यावर काय होतं? याचं उत्तर लंडनमध्ये मिळणार नाही.

आणि आपल्याकडे हे होत नाही असंही नाही. गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेला अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक लोकांना शिकवून घरोघर पाठवलं, वागणुकीच्या त्रासाला कसं तोंड द्यायचं हे घरच्यांना समजावलं, गरज पडली तरच मनोविकारतज्ज्ञांनी औषध दिलं. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. तो अभ्यास ज्या जागतिक गटाशी जोडलेला होता त्याचं नावच '१०/६६': जगातले ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब देशांत, आणि लोकसंख्येवरच्या संशोधनातला १० टक्क्यांहून कमी वाटा त्यांच्यावर.

पुण्यात तर संशोधनाची परंपरा आहेच. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो पाठपुरावा केला, तो जगभर शिकवला जातो. त्यांच्याच २००६मध्ये छापलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्के लोकांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ब-१२च्या कमतरतेनंही स्मरणशक्ती खालावते, आणि ती कमतरता भरून काढता येते. आपल्या शाकाहारी आजीची रक्ततपासणी डोनेपेझिलच्या आधी व्हायला हवी, हे इथल्याच संशोधनानं शिकवलेलं आहे. (माझ्या काउंटरवर ब-१२ची इंजेक्शनं भरपूर खपतात, पण बहुतेक हातापायाच्या मुंग्यांसाठी.) पुण्याजवळच्या वढूला केईएमचीच यंत्रणा २००२पासून गावंच्या गावं, तिथली माणसं, जन्म-मृत्यू नोंदवते आहे. येरवड्याला राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. ससूनच्या आवारात मानसिक आरोग्य संस्था आहे. साधन नाही असं म्हणायला पुण्यात तरी जागा नाही.

आपल्या दाराशी आलेली गोष्ट दुसऱ्यांनी पुढे नेली, असं याच क्षेत्रात एकदा झालेलं आहे. सर्पगंधेच्या मुळाचा मनोविकारांवर आणि रक्तदाबावर उपयोग होतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली छापलं होतं. रक्तदाबावरचं काम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये जगापुढे नेलं. पण त्यातलं रेझर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या कंपनीनं, मनोविकारांवर ते रूढ केलं न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी, आणि त्याच रेझर्पिननं सुस्तावलेल्या सशांना लेव्होडोपा (शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य) देऊन मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं महत्त्व दाखवलं स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. या सगळ्याचं मूळ आपल्याकडच्या मुळीत होतं. मला याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

मग करायचं काय? मला एक गोष्ट सुचते, ती तुमच्या हातातली आहे. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दुकानात येणाऱ्या निवासी डॉक्टरांशी मी बोलते. प्रत्येक जण आपापला विषय घेतो, ओपीडीतल्या थोड्या रुग्णांना प्रश्नावली देतो, प्रबंध बांधून जमा करतो, आणि तो ग्रंथालयाच्या कपाटात जातो. रुग्ण थोडे, म्हणून निष्कर्षाला वजन नाही. त्याऐवजी पुण्यातल्या सगळ्या महाविद्यालयांनी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असोत वा अभिमत असोत, काही वर्षं एकच प्रश्न घ्यावा. स्मृतिभ्रंशाचा जो रुग्ण अँटिसायकोटिकवर काही महिने शांत आहे, त्याची मात्रा हळूहळू उतरवली तर काय होतं? रात्र कशी जाते, किती जण पडतात, किती जणांना गोळी परत द्यावी लागते, सांभाळणाऱ्या सुनेची झोप किती होते? प्रत्येक महाविद्यालयानं आपले रुग्ण एकाच पद्धतीनं नोंदवावेत. हॉवर्ड यांना २९५ रुग्ण पुरले. एवढे पुण्याच्या ओपीडींतून निघणार नाहीत का?

संमतीचा प्रश्न अवघड आहे, त्यामुळेच अनेक जण या वाटेला जात नाहीत, हे मला समजतं. पण कायद्यानं दार बंद केलेलं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९९मध्ये सोय आहे. जो रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नाही पण विरोधही करत नाही, त्याच्या बाबतीत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीनं निर्णय घेणाऱ्या माणसाची, संमती घेऊन संशोधन करता येतं. ज्याची वाचा गेली त्याच्यावर प्रयोग होऊ नये म्हणून ही काळजी आहे आणि ती हवीच. पण परवानगीची खटपट नको म्हणून अभ्यासच टाळला, तर त्याच माणसावर वर्षानुवर्षं बिनपरवानगीचा, बिननोंदीचा प्रयोग चालूच राहतो. त्याला आपण उपचार म्हणतो एवढंच.

आणि निष्कर्ष काय निघेल याची भीती नको. गोळी थांबवल्यावर बरेच जण बिघडले असं निघालं, तर तेही छापा. चाचणी आधीच देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदवा, म्हणजे 'नाही' असं उत्तर आलं तरी ते कुणाला कपाटात ठेवता येणार नाही.

हल्ली घरोघरी अमेरिकेतल्या लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या नव्या इंजेक्शनची चौकशी असते. त्याच्या चाचणीत १७९५ रुग्ण होते. दीड वर्षानंतर १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक निघाला ०.४५चा. मेंदूला सूज येण्याचा आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून वरचेवर एमआरआय करावे लागतात. एवढा फरक घरच्यांना जाणवेल तरी का, हे हॉवर्ड यांनी जाहीरपणे विचारलं आहे. शिवाय ते औषध आजाराच्या अगदी सुरुवातीसाठी आहे. माझ्या काउंटरवरचे आजोबा त्या टप्प्याच्या कधीच पुढे गेले आहेत. त्यांच्यासाठी आज करता येण्यासारखं जे आहे, ते स्वस्त आहे: चिठ्ठीकडे पुन्हा बघणं.

तुमच्यावर कामाचा बोजा किती आहे हे मी जाणते. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरता वाट्याला येत नाही. म्हणून अभ्यास उभा राहीपर्यंत निदान एवढं करा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अँटिसायकोटिक लिहिताना त्याच ओळीत तारीख लिहा, 'या तारखेला पुन्हा ठरवू'. विद्यार्थ्यांनाही तशीच सवय लावा. नियमानं एक चिठ्ठी एकदाच चालते, पुन्हा द्यायची तर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं असावं लागतं. तारीख असली की मला हातात बळ येतं. ती उलटून गेली की मी त्या मुलाला सांगू शकते, आधी डॉक्टरांशी बोला, व्हिडिओ कॉलवर का होईना.

आमच्या बाजूनंही हात पुढे आहे. कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठेतल्या काही औषधविक्रेत्यांशी मी बोलले आहे. कुटुंबानं लेखी संमती दिली तर कोणती गोळी किती दिवसांनी नेली, कुठली जोडली, कुठली सुटली, याची नोंद आम्ही ठेवू आणि तुमच्या अभ्यासाला देऊ. आजोबांना ओपीडीत आणता येत नाही, पण त्यांची औषधं न्यायला कुणी ना कुणी दर महिन्याला माझ्याकडे येतं. घरचे काय सांगतात ते लिहून घ्यायलाही आम्ही तयार आहोत, फक्त काय विचारायचं ते तुम्ही ठरवून द्या.

पहिली बैठक कुठल्या महाविद्यालयात आणि कधी ठेवता ते कळवा. आम्ही येतो.

आपली नम्र,
कोथरूडमधील एक औषधविक्रेती